कोव्हॅक्सिनसाठी २० माकडं कुठून आली? प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या टंचाईची गोष्ट

एप्रिल २०२१. दुसरी लाट ऐन भरात होती. मी पुण्याची खोली सोडून नेरला घरी आलो होतो आणि माळ्यावरच्या खोलीत नेटवर्क मिळेल त्या कोपऱ्यात लॅपटॉप लावून काम करत होतो. त्या दिवशी सुट्टी टाकून आबाजींना लस द्यायला घेऊन गेलो. कोव्हॅक्सिन होती. टोचून झाल्यावर अर्धा तास बसायला सांगितलं, तेव्हा आबाजींनी विचारलं, "काय गा बाबू, हे लस पयले कोनाले टोचून पाह्यली?"

मी म्हटलं, "आधी उंदरांना, मग माकडांना, मग माणसांना."

"कोनत्या माकडायले?"

मला माहीत नव्हतं. मी "असतात लॅबमधली" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. लॅबमध्ये माकडं असतातच, जसे माझ्या कंपनीत टेस्टिंगसाठी सर्व्हर असतातच, असं मी गृहीत धरलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांचं 'गोइंग व्हायरल' हे पुस्तक आलं आणि मला कळलं की ती माकडं लॅबमधली नव्हतीच. ती आमच्या विदर्भातली होती, नागपूरजवळच्या जंगलातून पकडून आणलेली. (याच पुस्तकावर पुढे 'द व्हॅक्सिन वॉर' हा सिनेमा आला, नाना पाटेकरांचा.)

लस हैदराबादची, विषाणू पुण्यात वेगळा केलेला आणि माकडं नागपूरची. या साखळीतला माकडांचा दुवा जवळजवळ तुटला होता. लस तयार होती, तपासायला प्राणी नव्हते. हा प्रकार पहिल्यांदा झालेला नाही. युद्ध, साथ किंवा बंद सीमा, काहीही आलं की सर्वात आधी ज्या गोष्टींचा तुटवडा पडतो त्यात प्रयोगशाळेतले प्राणी असतात. बातमीत मात्र ते येत नाहीत.

माकडच का लागतं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड थेट ग्राहकाकडे पाठवत नाही. आधी छोट्या तुकड्यांची चाचणी, मग तुकडे जोडून चाचणी, मग खऱ्या सिस्टिमसारखीच दिसणारी एक नकली सिस्टिम उभी करून तिच्यावर चाचणी. तिला आम्ही स्टेजिंग म्हणतो. लसीचंही साधारण असंच असतं. काचेच्या भांड्यातल्या पेशी, मग उंदीर, हॅमस्टर, ससे, मग माकड, मग माणूस. माकड म्हणजे स्टेजिंग. माणसाच्या शरीराची सगळ्यात जवळची नक्कल.

उंदरावर काम भागलं असतं तर कोणी माकडाच्या मागे गेलं नसतं. पण करोनाच्या विषाणूनं इथे मोठी अडचण केली. हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून. माणसाच्या पेशीवरचं एसीई-२ हे त्याच्यासाठी कुलूप, आणि विषाणूवरचे काटे ही किल्ली. साध्या उंदराचं कुलूप थोडं वेगळं आहे. २०२० चा मूळ विषाणू त्यात बसतच नव्हता. लस दिलेला उंदीर आजारी पडला नाही यावरून काय समजायचं, जर लस न दिलेलाही आजारी पडणार नसेल?

यावर एक उपाय आधीच झालेला होता आणि तो किस्सा मला फार आवडतो. पहिला सार्स येऊन गेल्यावर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पॉल मॅक्रे, स्टॅन्ली पर्लमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचं एसीई-२ बसवलेला उंदीर तयार केला. २००७ मध्ये त्यावर निबंध आला. पण तोवर सार्स संपला होता. उंदरांना रोज दाणापाणी लागतं, पिंजरे लागतात, माणसं लागतात. कामच नाही तर वसाहत कोण पोसणार? म्हणून वंश गोठवून ठेवला. २०२० मध्ये जगभरातून मागणी आली तेव्हा जॅक्सन लॅबोरेटरीकडे एकही जिवंत उंदीर नव्हता, फक्त गोठवलेलं वीर्य होतं. त्यातून कृत्रिम गर्भधारणा करून वसाहत पुन्हा उभी करायला काही महिने गेले. बॅकअप होता, पण बॅकअपमधून सिस्टिम परत उभी करायला लागणारा वेळ कोणी कमी करू शकत नव्हतं. उंदरीण बाळंत व्हायला साधारण तीन आठवडे घेते, पिल्लू वयात यायला आणखी सहा ते आठ. तिथे तुम्ही दुप्पट माणसं लावा की चौपट, काही फरक पडत नाही.

हॅमस्टर मात्र कामाचा निघाला. सोनेरी सिरियन हॅमस्टरला करोना होतो, फुप्फुसावर परिणाम दिसतो. कोव्हॅक्सिन त्याच्यावरही तपासली गेली. पण हॅमस्टरकडून माणसाकडे थेट उडी मारायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. रोगप्रतिकार यंत्रणेत फार अंतर आहे. मधली पायरी माकडाचीच.

आमच्या छपरावरची वानरं का चालली नसती?

हा प्रश्न मला स्वाभाविकच पडला. नेरमध्ये वानरांना तोटा नाही. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची टोळी आली की टिनावर असा दणदणाट होतो की माझा कॉल म्यूट करावा लागतो. तूर शेंगेवर आली की शेतकरी हैराण. मग नागपूरकडे दुसरीच माकडं का शोधायची?

ही काळतोंडी म्हणजे लंगूर. प्रयोगाला हवं होतं लालतोंडं माकड, इंग्रजीत ऱ्हीसस मकाक. आता गंमत बघा. एसीई-२ च्या बाबतीत लंगूर काही कमी नाही. आशिया-आफ्रिकेतली सगळी माकडं आणि माणूस यांचं हे कुलूप, विषाणू जिथे चिकटतो त्या मोक्याच्या जागी, सारखंच आहे. म्हणजे अडचण जीवशास्त्राची कमी आणि वारशाची जास्त. लालतोंड्या माकडावर शंभरेक वर्षांचं काम जमा झालेलं आहे. त्याचं निरोगी रक्त कसं दिसतं, तापमान किती, कोणत्या वयात प्रतिकारशक्ती कशी वागते, कोणतं रसायन त्याच्या कोणत्या प्रथिनाला ओळखतं, सगळं माहीत आहे. लंगूर मुख्यतः पानं खाणारा प्राणी, पोटाची रचना वेगळी, पिंजऱ्यात जगवणं कठीण. त्याच्यावर नवा प्रयोग करायचा तर आधी निरोगी लंगूर म्हणजे काय हेच ठरवायला वर्षं जातील. जुन्या प्लॅटफॉर्मला आम्ही शिव्या देतो, पण त्याच्यासाठी तयार असलेली हत्यारं सोडवत नाहीत, तसंच हे.

तुमच्या रक्तगटाच्या रिपोर्टवर 'आरएच पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं ना, त्यातलं 'आरएच' हे याच ऱ्हीसस माकडावरून आलेलं आहे. लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० मध्ये ते जाहीर केलं.

आणि नागपूरच का, याचं उत्तर नकाशात आहे. लालतोंडं माकड हे उत्तर भारतातलं. पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी ही साधारण त्याची दक्षिणेकडची हद्द मानतात, त्याच्या खाली टोपीवाल्या माकडाचं राज्य. (हद्द पक्की नाही, सरकत असते.) पुण्यात संस्था आहे, पण पुण्याच्या घाटात दिसणारी बहुतेक माकडं ही दुसऱ्याच जातीची. विदर्भ मात्र लालतोंड्यांच्या पट्ट्यात येतो.

२०२० चा शोध

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला. मे महिन्यात त्यातला एक वाण भारत बायोटेककडे गेला. कंपनीनं तो वाढवून, रसायनानं निष्क्रिय करून लस बनवली. आता माकडांवर चाचणी घ्यायची, तीही एनआयव्हीच्या पाषाणमधल्या बीएसएल-४ प्रयोगशाळेत. ही देशातली अशा दर्जाची पहिली प्रयोगशाळा.

प्रयोगासाठी मुद्दाम पैदास केलेली लालतोंडी माकडं त्या वेळी मिळेनात. एनआयव्हीनं देशभरातल्या संस्थांकडे आणि प्राणिसंग्रहालयांकडे विचारणा केली. जिथे माकडं होती तिथे ती म्हातारी होती. लस तपासायला तरुण प्राणी लागतो, कारण म्हाताऱ्या शरीराची प्रतिकारशक्ती मंद असते. लस चालली नाही की माकडच थकलेलं होतं, हे कळायला मार्ग उरत नाही.

बाहेरून आणायची सोय नव्हती. चीननं २०२० च्या सुरुवातीलाच जंगली प्राण्यांचा व्यापार बंद केला आणि त्यात प्रयोगाच्या माकडांची निर्यातही थांबली. अमेरिका आपली निम्म्याहून जास्त माकडं चीनकडून घेत होती, तेव्हा तिथेही ओरड सुरू झाली. प्रत्येक देशाला एकाच वेळी तीच वस्तू हवी होती.

उरलं जंगल. जून २०२० मध्ये राज्याच्या वनखात्यानं ३० माकडं पकडायला परवानगी दिल्याच्या बातम्या आल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात वैज्ञानिक संशोधनासाठी अशी खास परवानगी देण्याची तरतूद आहे. तेव्हा वनमंत्री होते संजय राठोड, म्हणजे ज्या दिग्रस मतदारसंघात आमचं नेर येतं तिथलेच आमदार. गावात या बातमीची मात्र कुठे चर्चा झालेली मला आठवत नाही. त्या वेळी सगळ्यांच्या डोक्यात बियाणं आणि ई-पास होता.

परवानगी मिळाली तर माकडं गायब. एरवी ती देवळापाशी, हायवेच्या धाब्यापाशी, पर्यटनाच्या जागी बसलेली असतात, कारण तिथे केळी, फुटाणे मिळतात. लॉकडाऊनमध्ये माणूसच रस्त्यावर नाही, तर खायला कोण घालणार? टोळ्या आत जंगलात निघून गेल्या. भार्गव यांनी लिहिलंय की वनखात्याच्या मदतीनं कित्येक चौरस किलोमीटर जंगल दिवसचे दिवस पालथं घालावं लागलं, तेव्हा नागपूरजवळ त्यांचा माग लागला.

पकडल्यावरही काम संपत नाही. जंगलातून आलेल्या प्राण्याचा इतिहास आपल्याकडे नसतो. वय दातांवरून ठरवायचं. क्षय आहे का बघायचं. माकडांमध्ये हर्पीस-बी नावाचा विषाणू असतो, त्यांना त्याचा विशेष त्रास नाही पण माणसाच्या अंगात गेला तर जीवघेणा, तोही पाहायचा. म्हणून आधी विलगीकरण. आणि इथे उलटीच भीती होती. माणसांकडून माकडांना करोना झाला तर? लस द्यायच्या आधीच माकडाला संसर्ग होऊन गेला की ते प्रयोगातून बाद. त्यामुळे त्यांची देखभाल करणाऱ्यांच्या नियमित करोना चाचण्या होत होत्या. आपण माकडांपासून जपतो असं वाटतं, इथे माकडांना आपल्यापासून जपलं जात होतं.

प्रत्यक्ष काम डॉ. प्रज्ञा यादव यांच्या गटानं केलं. बीएसएल-४ मध्ये आत जाताना हवाबंद पोशाख घालावा लागतो. एकदा आत गेलं की पाणी नाही, जेवण नाही. दहा-बारा तास असं काम, त्यात भूल दिलेल्या माकडाच्या फुप्फुसात दुर्बिणीची नळी घालायची. ते यंत्र आणि ते करणारी माणसं दोन्ही आधी जुळवावी लागली.

फक्त २०? इतक्या कमी प्राण्यांवरून काय कळतं?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि टंचाईचा खरा अर्थ इथे कळतो, तर थोडं गणित सहन करा.

२० माकडांचे पाच-पाचचे चार गट केले. एका गटाला नुसतं औषधविरहित इंजेक्शन, तीन गटांना लसीचे तीन वेगवेगळे प्रकार. पहिल्या दिवशी एक डोस, चौदाव्या दिवशी दुसरा, आणि त्यानंतर आणखी चौदा दिवसांनी सगळ्यांना मुद्दाम जिवंत विषाणू दिला.

समजा लसीचा उपयोग शून्य आहे. एका लसवाल्या आणि एका बिनलसवाल्या गटाची मिळून १० माकडं घ्या आणि त्यातली ५ आजारी पडली असं धरा. निव्वळ योगायोगानं ती पाचही बिनलसवाल्या गटातच निघण्याची शक्यता किती? १० मधून ५ निवडायचे २५२ प्रकार आहेत, त्यातला हा एक. म्हणजे हजारात चार. इतका योगायोग मानणं कठीण, म्हणून लसीचा परिणाम आहे असं म्हणायला हरकत नाही.

आता माकडं कमी करत चला. चार-चारचे गट असले तर ७० मध्ये १. तीन-तीनचे असले तर २० मध्ये १, म्हणजे सरळ पाच टक्के, शास्त्रज्ञ जिथे रेघ मारतात बरोबर त्या रेघेवर. दोन-दोन असले तर ६ मध्ये १. म्हणजे फाशाचा एक टाका. माकडं मिळाली नाहीत म्हणून गट पाचावरून दोनावर आला, तर तुमचा प्रयोग विज्ञानातून निघून सापशिडीत जातो. टंचाई म्हणजे फक्त उशीर नाही, टंचाई म्हणजे खात्री कमी होणं.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण ती बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. लस ८० टक्के वाचवणारी असली तर पाचच्या पाच माकडं वाचण्याची शक्यता साधारण ३३ टक्के. ९५ टक्के वाचवणारी असली तर ७७ टक्के. म्हणजे पाचही वाचली यावरून लस ८० ची आहे की ९५ ची, हे सांगता येत नाही. फक्त ती अगदीच निकामी नाही एवढं कळतं. ५० टक्केवाली लस पाचही वाचवेल ही शक्यता जेमतेम तीन टक्के. माकडांवरची चाचणी 'पुढे जायचं की नाही' हे सांगते. 'किती चांगली' हे हजारो माणसांवरच कळतं.

निकाल चांगला आला. लस दिलेल्या माकडांमध्ये तिसऱ्या आठवड्यापासून प्रतिपिंडं वाढलेली दिसली, सातव्या दिवसापर्यंत त्यांच्या नाक-घशातून आणि फुप्फुसातून विषाणू हटला होता, फुप्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा नव्हत्या. लस न दिलेल्या गटात त्या होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये हे जाहीर झालं, पुढच्या वर्षी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आलं.

एक गोष्ट लक्षात घ्या. माणसांवरच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्याला जून २०२० च्या शेवटीच परवानगी मिळाली होती, म्हणजे माकडांचे निकाल यायच्या आधी. आणि ३ जानेवारी २०२१ ला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे आलेले नव्हते. त्या दिवशी औषध महानियंत्रकांनी जे निवेदन वाचलं त्यात उंदीर, ससे, हॅमस्टरसोबत या ऱ्हीसस माकडांवरच्या चाचणीचा मुद्दाम उल्लेख होता. त्यावर तेव्हा वाद झाला आणि माझ्या मते तो रास्त होता. वर गणित केलंच आहे, पाच-पाचच्या गटांवर इतकं वजन टाकायला नको. तिसऱ्या टप्प्यात २५,८०० स्वयंसेवक होते, त्याचा अंतिम आकडा ७७.८ टक्के असा जुलै २०२१ मध्ये आला. आबाजींना लस टोचली ती या दोन तारखांच्या मधे.

पुस्तक वाचल्यावर मी त्यांना सांगितलं, "आबाजी, माकडं आपल्या नागपूरकडचीच होती."

ते म्हणाले, "मंग वापस सोडले का जंगलात?"

नाही सोडली. विषाणू दिल्यानंतर सातव्या दिवशी त्यांना शांतपणे मारून फुप्फुसं तपासली गेली. न्यूमोनिया आहे की नाही हे आतून बघितल्याशिवाय कळत नाही. हे मी सांगितलं तेव्हा आबाजी काही बोलले नाहीत. त्या शनिवारी मात्र मारुतीला जाताना त्यांनी केळी जरा जास्त घेतली.

युद्धाच्या सावलीत वसवलेलं माकडांचं बेट

आता ऐंशी वर्षं मागे जाऊ. १९३८. युरोपात युद्धाचे ढग दाटले होते. तेव्हा अमेरिकी संशोधकांना लागणारी लालतोंडी माकडं जायची ती भारतातून, जहाजानं. युद्ध पेटलं की समुद्र बंद, आणि समुद्र बंद की माकडं बंद. हे ओळखून क्लॅरन्स कार्पेंटर या शास्त्रज्ञानं भारतातून ४०९ माकडं नेली आणि पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो नावाच्या बेटावर सोडून दिली. बेट केवढं? ३८ एकर. आमच्याकडे एखाद्या बऱ्या शेतकऱ्याचं वावर असतं तेवढं. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, हजाराहून जास्त. २०१७ च्या मारिया वादळात बेटावरची बहुतेक झाडी गेली, पण माकडं टिकली. युद्धाच्या भीतीनं केलेली ही साठवण आज माकडांच्या वागणुकीच्या अभ्यासाची जगातली नावाजलेली जागा आहे.

ब्रिटनला हे शहाणपण उशिरा आलं. तिथे प्रयोगाचे उंदीर-गिनीपिग बरेचसे किरकोळ व्यापाऱ्यांकडून यायचे. युद्धात धान्याचं रेशनिंग, माणसं सैन्यात, त्यामुळे प्राणी कमी आणि जे येत ते रोगट. रोगट प्राण्यावरचा प्रयोग म्हणजे आधीच बिघडलेल्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर तपासणं. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी वेगळी यंत्रणाच उभी केली.

त्याच १९४७ मध्ये अमेरिकेत जॅक्सन लॅबोरेटरीला वणव्यानं गाठलं. हजारो उंदीर आणि कित्येक दुर्मीळ वंश एका झटक्यात गेले. पण या लॅबनं वर्षानुवर्षं जगभर उंदीर पाठवले होते. ज्यांच्याकडे ते होते त्यांनी परत पाठवले आणि वंश पुन्हा उभे राहिले. गिट वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: मुख्य सर्व्हर जळाला तरी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर प्रत असतेच.

भारताची बाजू वेगळी. आपण टंचाई सोसणारे नव्हतो, पुरवठादार होतो. पोलिओची लस सुरुवातीला माकडाच्या मूत्रपिंडाच्या ताज्या पेशींत वाढवायचे, त्यामुळे १९५० च्या दशकात भारतातून जाणाऱ्या माकडांची संख्या प्रचंड वाढली. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडं गुदमरून मेली, इथे संताप झाला, निर्यात काही काळ थांबली आणि मग फक्त वैद्यकीय कामासाठी वापरू या अटीवर पुन्हा सुरू झाली. पुढे अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत ती वापरली जातात हे बाहेर आलं, आणि मोरारजी देसाई सरकारनं १ एप्रिल १९७८ पासून निर्यात पूर्ण बंद केली. ते मला पटतं. पण त्याचा एक उलटा परिणाम बघा. ज्यांची रसद तोडली त्यांनी आपापल्या देशात पैदास केंद्रं वाढवली. आपल्याकडे जंगलात माकडं भरपूर म्हणून तशी निकड वाटली नाही. बेचाळीस वर्षांनी, ऱ्हीसस माकडाच्या मूळ देशात, तरुण ऱ्हीसस माकडं मिळेनात.

माकडांशिवाय चालेल का?

अर्धं चालतं, आणि कसं ते कोव्हॅक्सिनमध्येच दिसतं. पोलिओच्या काळात लस बनवायलाच माकडं लागायची. कोव्हॅक्सिनचा विषाणू वाढतो तो व्हेरो नावाच्या पेशींत. १९६२ मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडातून या पेशी काढल्या आणि त्या आजतागायत विभागत आहेत. एका माकडाच्या पेशींवर साठ वर्षं जगभरातल्या लसी चालल्या आहेत. एकदा लिहिलेली लायब्ररी सगळ्यांनी वापरावी तसं. म्हणजे उत्पादनातून माकड बाहेर पडलं, राहिलं ते चाचणीत.

चाचणीतूनही त्याला काढायचे प्रयत्न चालू आहेत. काडेपेटीएवढ्या पारदर्शक चिपमध्ये माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी, बाजूनं रक्तासारखा द्रव, आणि श्वासासारखी ताणणारी पातळ पडदी, याला ऑर्गन-ऑन-चिप म्हणतात. २०२२ च्या शेवटी अमेरिकेनं कायदा बदलून औषधाच्या मंजुरीसाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. २०२३ मध्ये भारतानंही नियमांत अशा पद्धतींना जागा दिली. औषध विषारी आहे का, यकृताला झेपेल का, हे चिपवर बऱ्यापैकी कळतं. लसीचं अवघड आहे. लस काम करते ती एका अवयवात नाही. दंडात टोचतात, काखेतल्या गाठीत पेशी शिकतात, अस्थिमज्जेत स्मृती साठते, आणि महिन्याभरानं नाकात लढाई होते. हे सगळं जोडलेली चिप अजून कोणाकडे नाही. कॉम्प्युटर मॉडेलचं म्हणाल तर मी त्याच धंद्यातला आहे, म्हणून सांगतो, मॉडेलला शिकवायला जो डेटा लागतो तो पुन्हा प्राण्यांकडूनच आलेला असतो.

त्यामुळे पुढची काही वर्षं तरी पैदास केंद्रं लागणार. हैदराबादजवळ जिनोम व्हॅलीत आयसीएमआरनं प्रयोगाच्या प्राण्यांसाठी राष्ट्रीय केंद्र उभारलं आहे. नागपूरला डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, प्राण्यांकडून माणसांकडे येणाऱ्या रोगांच्या अभ्यासासाठी. नेरहून नागपूरला जाताना मी आता बसच्या खिडकीतून बघत असतो, रस्त्याकडेला बसलेलं माकड काळ्या तोंडाचं आहे की लाल.